पाचव्या कुंडीतलं पान

सणसरला आमचा पानमळा होता. ज्यांनी पानमळा पाहिला नसेल त्यांना सांगतो. शेवरी आणि पांगाऱ्याच्या सडपातळ झाडांच्या रांगा, त्यांवर चढवलेले विड्याच्या पानांचे वेल, आणि आत भर वैशाखातही इतकी सावली की बाहेरून येणाऱ्याला क्षणभर काही दिसत नाही. चपला घालून आत जायचं नाही. बांधावर पाय धुवायचे, मग आत पाऊल टाकायचं. खुडणीच्या दिवशी उजव्या अंगठ्यात लोखंडी नखी चढवायची आणि तयार झालेलं पान देठासकट खुडायचं. मी सात वर्षांचा असल्यापासून ती नखी घालत आलो. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या अंगठ्याने केली. त्यानंतरचं मात्र अंगठ्याने केलेलं नाही. ते मी केलं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, म्हणजे मळ्यात राबत होतो. बारामतीला शाळेत असताना ज्यांनी मला सायन्स शिकवलं, त्या गुरुजींकडे मात्र माझं जाणं-येणं चालू होतं. गुरुजींना एकच नाद होता, ऑर्किडचा. बारामतीत राहून हा नाद करणं म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखं. लोक त्यांना तोंडावर म्हणत, "मास्तर, हितं बाभळीला काटं येत्यात, फुलं न्हाईत." गुरुजी हसत. सुटी लागली की गाडीने पुण्याला, तिथून मोटारीने भोरला, आणि तिथून पुढे पायी धरणाच्या वरच्या खोऱ्यात. आमच्या मळ्याला पाटाचं जे पाणी यायचं ते त्याच डोंगरातून उतरायचं. गुरुजी म्हणत, "पाणी तुमच्याकडे आपोआप येतं. फुलांसाठी मला जावं लागतं."

तिथून ते वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबलेली झाडं आणत. डोंगरातल्या दमट हवेत ती बुरसायची, पण बारामतीच्या कोरड्या वाऱ्यात चार दिवसांत खडखडीत वाळायची. रोज कागद बदलावे लागत. शाळेत असताना ते काम माझ्याकडे होतं. तेव्हाच त्यांनी पाहिलं, की माझा हात चित्राला बरा आहे. मग झाड वाळण्याआधी त्याचं चित्र काढणं हेही माझ्याकडे आलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीच्या शेवटी गुरुजी परत आले ते थेट सणसरला, आमच्या दारात. अंगात ताप, छातीत घरघर, आणि हातात एक छोटा पत्र्याचा डबा. डब्यात ओलं शेवाळ आणि शेवाळात पाच कंद. एकेक कंद चिंचोक्याहून थोडा मोठा. आबा, म्हणजे माझे वडील, डब्यात डोकावून म्हणाले, "मास्तर, एवढ्यासाठी डोंगर चढलासा? भुईमुगाच्या शेंगा आमी दिल्या असत्या की."

गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. पहिल्या वळवाबरोबर डोंगरात जमिनीतून एक दांडा येतो. त्याला फूल येतं आणि आठ-दहा दिवसांत वाळून जातं. ते गेलं की मग त्याच जागी एक पान येतं. एकच. वर्षाला एक. त्यामुळे डोंगरातले लोक त्याला एकपानी म्हणतात. फूल असताना पान नसतं आणि पान असताना फूल नसतं. हे सगळं पुस्तकांत होतं. पण या खेपेला एका ओढ्याच्या काठी त्यांना जी फुलं दिसली ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. पाकळी वेगळी, तिच्यावरची लव वेगळी. त्यांनी फूल दाबून पुण्याच्या एका प्रोफेसरांना दाखवलं. प्रोफेसर म्हणाले, फूल नवं आहे असं मलाही वाटतं, पण पानाशिवाय मी ते छापायला पाठवू देणार नाही. दिवाळीपर्यंत पान दाखवा.

"आणि पान येणार आषाढात," गुरुजी म्हणाले. "आषाढात मी त्या डोंगरात गेलो तर परत येईन असं डॉक्टरांना वाटत नाही." त्यांना दमा होता. पावसाच्या दिवसांत तो उसळायचा.

म्हणून कंद आमच्या पानमळ्यात लावायचे ठरले. आजूबाजूला दुसरी सावली आणि ओल होती कुठे? चार कंद नेहमीच्या एकपानीचे होते आणि एक त्या नव्याचा. "जोडीला ओळखीचं असलं की अनोळखी ओळखता येतं," असं गुरुजी म्हणाले. त्यांनी पत्र्याच्या पट्ट्यांवर खिळ्याने आकडे कोरले, एक ते पाच. पाच नंबर नव्याचा. कुंड्या मी मळ्याच्या मधल्या रांगेत, पांगाऱ्याच्या बुडाशी, काठापर्यंत जमिनीत पुरल्या, म्हणजे ओल टिकेल. गुरुजींनी अनवाणी, खोकत, वाकून प्रत्येक पट्टी स्वतः खोचली. मग जाताना म्हणाले, "छापून आलं तर चित्र तुझं असेल. खाली नावही तुझं."

मी त्या दिवसापासून ते चित्र छापलेलं पाहत होतो. हे लपवत नाही. पान उगवायच्या आधीच मला माझं नाव दिसत होतं.

आषाढात चार कुंड्यांत पानं आली. हिरवी, गुळगुळीत, बदामाच्या आकाराची. वहिनी म्हणाली, "भावजी, ही तर आपलीच पानं. फुकट कशाला माती आणली डोंगरातनं?" खरंच ती दुरून विड्याच्या पानासारखी दिसत. पाचव्या कुंडीत काही नव्हतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायचो. आई जेवायला हाक मारायची आणि वहिनी सांगायची, "थांबा, कुंडीला निजवून येत्यात ते."

आषाढ संपता संपता पाचव्या कुंडीतून एक सुरळी वर आली. घट्ट गुंडाळलेली, करंगळीच्या पेराएवढी. गुंडाळलेल्या पानाची खालची बाजू बाहेर असते. ती बाजू जांभळट होती. हे मी पाहिलं. दिव्याच्या काजळीत वांग्याचा रंग मिसळावा तसा रंग. मी गुरुजींना पोस्टकार्ड लिहिलं की कोंब आला, पान उघडलं की कळवतो. रंगाबद्दल लिहिलं नाही, कारण आंब्याची पालवीसुद्धा आधी तांबूसच असते असं मला वाटलं. आठवड्याने पान उघडू लागलं. मी दुसरं पोस्टकार्ड टाकलं. गुरुजींचं उत्तर आलं, रविवारी सकाळी येतो, तोपर्यंत हात लावू नकोस, चित्रही मी आल्यावर काढ.

शुक्रवारी खुडणी होती.

खुडणीत आम्ही चौघं. आबा, थोरला भाऊ, वहिनी आणि मी. आई बांधावर बसून पानं निवडायची आणि कवळ्या लावायची, म्हणजे पानावर पान रचून जुड्या बांधायची. मधली रांग माझ्याकडे होती. वहिनी शेजारच्या रांगेतून माझ्या लग्नाचं बोलत होती. निमगावची कुणी मुलगी होती.

"पोरगी चांगली हाय म्हणं. पर तिला सांगावं लागंल, नवरा निम्मा दिस कुंडीपाशी असतुय."

"मग काय झालं?" मी म्हणालो. "कुंडी बोलत न्हाय, ह्ये एक बरं."

पलीकडून भाऊ हसला. आबा म्हणाले, "हात चालवा, गाडी चुकंल." बारामतीची संध्याकाळची छोटी गाडी गाठायची असे. पानं तिने दौंडला जात आणि तिथून पुढे.

मी हसत होतो आणि हात चालत होता. खालची पानं घ्यायला मी उकिडवा बसलो. पानमळ्यातला माणूस खुडताना पाहत नाही. बोटं पानाची जाडी जोखतात आणि नखी आपोआप बसते. डोळे वहिनीच्या बाजूला होते.

दुपारी आबा आणि भाऊ कवळ्या करंड्यांत भरून बैलगाडीने बारामतीला गेले. दिवस कलता कलता मी नेहमीप्रमाणे कुंडीपाशी गेलो. देठ होता. पान नव्हतं. देठाचा काप तिरका आणि स्वच्छ होता. शेळी खाते तेव्हा चोथा होतो, किडा खातो तेव्हा कुरतडलेलं दिसतं. हा काप नखीचा होता आणि ती रांग माझी होती.

पाटावरच्या कारकुनाची सायकल मागून घेतली. पाटाच्या कडेने बारामतीपर्यंत मी कुठेही उतरलो नाही. स्टेशनाशेजारी पानांचा व्यापार करणाऱ्या अडत्याच्या वखारीत आबा हिशोबाला बसलेले होते आणि आमच्या करंड्या ओल्या गोणपाटाखाली रांगेत ठेवलेल्या होत्या. मी पहिली करंडी उघडली आणि कवळ्या सोडायला लागलो.

अडत्या ओरडला नाही. तो आबांना म्हणाला, "पाव्हणं, पोराला काय लागलंय का?"

"काय रं?" आबा उठले. "काय शोधतुयास?"

"पान."

"हितं दुसरं काय हाय?"

"गुरुजींचं पान, आबा. खुडलं गेलं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. अडत्या म्हणाला, "वारं लागलं की काळी पडत्यात. सुटलेल्या कवळ्या मी घेणार न्हाय." तरी मी सोडत राहिलो. हातांना एकेक पान ओळखीचं लागत होतं. जांभळं काही दिसेना. तिसरी करंडी उघडली तेव्हा हमाल दारात येऊन उभे राहिले. गाडीने शिट्टी दिली. आबांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला आयुष्यात फारसं मारलं नव्हतं. त्या दिवशीही मारलं नाही. एवढंच म्हणाले, "बास." मग सगळ्यांसमोर खाली बसून, आपल्या हाताने त्यांनी सुटलेली पानं पुन्हा लावायला घेतली. त्यांच्या डोक्यावरचा पटका घामाने भिजला होता. दोन करंड्या त्या गाडीने गेल्या. तीन राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो तेव्हा आई शेण काढत होती. काय झालं ते आबांनी तिला सांगितलं. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "एक पान केसाळ लागलं हाताला. खालनं जांभळं. म्हटलं कसलं रानटी आलं मधी. शेळीफुडं टाकलं." आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून, "मला काय म्हाईत रं?"

तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. माझी आई निरक्षर होती, पण त्या पानाचं खरं वर्णन आमच्यापैकी पहिल्यांदा तिने केलं. वरून कसं ते नाही सांगितलं, पण खालून जांभळं आणि हाताला केसाळ. एका वाक्यात. ते वाक्य मी जसंच्या तसं गुरुजींना सांगितलं असतं, तर फार तर एक वर्ष फुकट गेलं असतं.

शनिवारी मी पट्टी बदलली. चार नंबरच्या कुंडीतली पट्टी काढून पाचची तिथे खोचली. पाचव्या कुंडीतला उरलेला देठ उपटला, कंद बोटाने चिरडला आणि त्या कुंडीत चार नंबरची पट्टी घातली. मग पाय धुतले. बाहेर पडताना कुणी पाय धूत नाही.

कंद चिरडला नसता तर पुढच्या वर्षी त्यातून पुन्हा पान आलं असतं. हे मला त्या वेळीही माहीत होतं. म्हणूनच चिरडला.

रविवारी गुरुजी आले. बांधावर वहाणा काढल्या, पाय धुतले. माझ्याआधी तेच मधल्या रांगेत शिरले आणि गुडघ्यांवर बसले. श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

"अरे," ते म्हणाले, "हे तर साध्या एकपानीसारखंच आहे."

मी म्हणालो, "हो."

"फूल इतकं वेगळं आणि पान हे?" त्यांनी भिंगातून पाहिलं. पान उलटं केलं. शेजारच्या कुंडीतलं पान पाहिलं. पुन्हा हे पाहिलं. "चौथी कुंडी?"

"कुजली. पाणी जास्त झालं."

"पट्ट्या हलल्या नाहीत ना कुठे? पाणी देताना, खुरपताना?"

विचारण्यात संशय नव्हता. ते प्रत्येकच झाडाबद्दल हे विचारत. माझ्या मागे आबा उभे होते. त्यांना सगळं ठाऊक नव्हतं, पण खुडलं गेलेलं पान कुठल्या कुंडीतलं ते ठाऊक होतं.

"नाही हलल्या," मी म्हणालो.

आबा वळून विहिरीकडे गेले आणि गुरुजी जाईपर्यंत परत आले नाहीत. चहाच्या वेळी आई म्हणाली, त्यांना कारखान्याकडं काम निघालं. आमच्या पलीकडे तेव्हा साखर कारखान्याची वसाहत उठत होती आणि न भेटायचं असलं की तिकडे काम निघायचं.

गुरुजींनी पान स्वतः कापलं आणि कागदात ठेवलं. मी त्याचं चित्र काढलं. हात थरथरला नाही. मला आजही वाटतं, थरथरला असता तर त्यांनी काहीतरी विचारलं असतं.

दिवाळीच्या सुटीत गुरुजी मला बरोबर घेऊन त्या खोऱ्यात गेले. पानाबद्दल त्यांच्या मनात खुट्ट वाजलंच होतं. छापायला पाठवण्याआधी त्यांना तात्यांना विचारायचं होतं. तात्या म्हणजे वरच्या वाडीतले म्हातारे, मध काढणारे. ते फूल गुरुजींना त्यांनीच दाखवलं होतं. तात्यांनी आम्हाला ओढ्याच्या काठी नेलं. थंडी पडली होती, ओढा आटत आलेला, आणि जमिनीवर एकही पान उरलं नव्हतं.

"जिरलं आता," तात्या म्हणाले. "महिना झाला आसंल पान जिरून."

"तात्या, पान कसं असतं याचं?"

"वरनं काळपट हिरवं. खालनं जांभळं." त्यांनी तळहात उपडा केला. "आन् हात फिरवला तर मांजराच्या कानागत."

गुरुजींनी पिशवीतून कागद काढला, उलगडला आणि पान दाखवलं. तात्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"ह्ये ते न्हाय."

"मी माझ्या हाताने कुंडीतून काढलंय, तात्या."

"मंग कुंडीनं फशिवलं तुमाला."

गुरुजी हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि ते माझ्याकडे वळले. "तू रोज पाहत होतास. सांग."

ओढ्यापलीकडे कुणीतरी गुरं हाकत होतं. तात्याही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, फक्त वाट बघणं होतं. खरं बोलायला इतकी सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही. तिथे फक्त दोन माणसं होती आणि दोघांनाही खरं तेच हवं होतं.

"हिरवंच होतं, गुरुजी," मी म्हणालो. "दोन्हीकडनं."

तात्यांनी मान हलवली. "लिवलेलं खरं," ते म्हणाले. "आमचं काय, तोंडचं." त्या संध्याकाळी ते आम्हाला कड्यावरची दुसरी एक वेल दाखवणार होते. त्यांनी निरोप पाठवला की गुडघा दुखतोय. सकाळी आम्ही निघालो तेव्हा ते अंगणात लाकडं फोडत होते.

उतारावर गुरुजी म्हणाले, "वय झालं. आता गोष्टी मिसळायला लागल्या म्हाताऱ्याच्या." आणि थोडं चालून पुढे, "वाईट वाटलं मला. इतकी वर्षं या माणसाच्या शब्दावर मी जंगल हिंडलो."

मी त्यांची पिशवी घेऊन मागे चालत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात वर्णन छापून आलं. वर लॅटिन, खाली इंग्रजी, आणि शेजारच्या पानावर माझं चित्र. फूल खरं, पान खोटं, खाली माझं नाव. गुरुजी तो अंक घेऊन सणसरला आले. वहिनीने पेढे वाटले. आबांनी अंक हातात घेतला, चित्र पाहिलं आणि परत दिला. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "चांगलं काढलंयस. चार नंबरची कुंडी हुबेहूब."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मला त्याचा त्रास झाला, पण खरं सांगायचं तर मला घराबाहेर काढलं ते आबांनी नाही. तात्यांनी काढलं. त्यांचा तो उपडा तळहात मला जेवताना दिसायचा. पान खुडताना दिसायचा. कुठलंही पान उलटं करताना मला भीती वाटू लागली. पानमळ्यात असं चालत नाही. पान उलटं करूनच पाहावं लागतं.

श्रावणात कुणाला न सांगता मी एकटा गेलो. वाट निसरडी होती आणि दोनदा पाण्यातून जावं लागलं. वाडीत पोचलो तेव्हा तात्या शेगडीपाशी बसलेले होते. त्यांनी मला ओळखलं. या म्हणाले नाहीत आणि जा पण म्हणाले नाहीत. मी कशासाठी आलो ते सांगायला तोंड उघडलं, तर ते उठले, डोक्यावर इरलं घेतलं आणि चालायला लागले.

ओढ्याच्या काठी कुजक्या पानांत ती पानं होती. आठ-दहा. वरून काळपट हिरवी. मी खाली बसलो. हात पुढे केला आणि थांबवला.

"बग की," तात्या म्हणाले. "चावत न्हाय."

मी एक पान उलटं केलं. खाली रंग होता. अंगठा फिरवला. मांजराच्या कानासारखंच.

मी त्यांना सगळं सांगितलं. खुडणी, पट्टी, कंद. पाऊस पडत होता म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, तेवढं बरं झालं. ऐकून झाल्यावर तात्या म्हणाले, "मला ठावं व्हतं. त्या दिशी तुजं कान लाल झालं व्हतं." आणि मग, "मास्तरला वाटलं मी इसरलो. त्ये लागलं." त्यांनी काठीने एक कंद पानासकट उकरला, मातीसह फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो घिऊन जा. पर तुज्या मळ्यात न्हाय लावायचा."

बारामतीला पोचलो तेव्हा गुरुजी शाळेतून नुकतेच आले होते. मी फडकं टेबलावर ठेवलं. त्यांनी सोडलं, पान पाहिलं, उलटं केलं. भिंग घेतलं नाही. मी बोलायला लागलो आणि शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटत होतं ते ओरडतील. त्यांनी विचारलं एवढंच, "कंद का चिरडलास?"

"पुन्हा पान येईल म्हणून."

ते खुर्चीत बसले. मग उठून कपाटातून तो जुना कागद काढला, फूल आणि शेजारी डिंकाने चिकटवलेलं माझं हिरवं पान. मी म्हणालो, "मी ते सोडवतो." त्यांनी माझा हात बाजूला केला. अशा कागदावरून काही काढायचं नसतं, असं त्यांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. चुकलेलंही काढायचं नसतं. शेजारी चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर खरं लिहायचं, म्हणजे नंतर पाहणाऱ्याला दोन्ही दिसतं. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: पान दुसऱ्या जातीचे. चूक माझी. खाली सही.

"गुरुजी, चिठ्ठी मला लिहू द्या."

"तुझं नाव चित्राखाली आहे," ते म्हणाले. "पुरे आहे तेवढं."

प्रोफेसरांना पत्र गेलं आणि पुढच्या एका अंकात दोन ओळींची दुरुस्ती आली. त्यात लिहिलं होतं की संग्राहकाच्या नजरचुकीने दुसऱ्या झाडाचं पान घेतलं गेलं. पुण्यातल्या काही लोकांनी नंतर गुरुजींच्या इतर नोंदींवरही शंका घेतली. ते साहजिक होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

पण त्याआधी, दुरुस्ती छापून यायच्या कितीतरी आधी, त्याच श्रावणात, शाळेतून दोन दिवसांची रजा काढून ते डोंगरात गेले. मी बरोबर येतो म्हणालो. नको म्हणाले. तात्यांच्या दारात जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पुढे तात्यांनी एवढंच सांगितलं, की मास्तर आले, भिजलेले होते, अंगणातच उभे राहिले आणि बोलले, मग त्यांना इतका खोकला लागला की त्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणावं लागलं. पाठुंगळी तात्यांच्या मुलाने घेतलं. तात्या शेजारून इरलं धरून चालले.

गुरुजी त्या दुखण्यातून उठले. पण त्यानंतर डोंगर ते चढले नाहीत. बारामतीच्या त्या खोलीत ते जुने कागद बदलत बसत. मी जायचो, दारातच बसायचो. त्यांनी मला चहा दिला, माझ्या लग्नाला आले, माझ्या मुलाला गणित शिकवलं. कागदांना मात्र मला पुन्हा हात लावू दिला नाही. मी पुढे केलेला हात ते हळूच बाजूला सारायचे. त्यात राग नव्हता. गरम भांड्यापासून मुलाचा हात दूर करावा तसं.

आता गुरुजी नाहीत, तात्याही नाहीत. पानमळा मोडून तिथे ऊस आहे. तो कागद पुण्यात आहे, मी एकदा जाऊन पाहून आलो. चिठ्ठीची शाई तपकिरी झाली आहे, पण सही वाचता येते. चूक माझी, असं तिथे दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे. त्या कागदाला चिठ्ठी लावण्याचा मला अधिकार नाही, म्हणून ती इथे लावतो: पट्टी मी बदलली. कंद मी चिरडला. तात्या विसरले नव्हते.